वावटळीची उंची

ढालकऱ्याचे पाय जमिनीला घासत होते. ते पाहून आक्काचा टाक जागच्या जागी थांबला.

चित्र तसं नेहमीचंच. वावटळ ढालकऱ्याला बगलेत मारते आणि जळत्या पुलावरून पलीकडे उडी घेते. कार्टूनच्या पहिल्या भागापासून हेच चाललं होतं. दुष्टांनी ढालकऱ्याला बांधून ठेवायचं, त्याने गळा काढायचा आणि वावटळीने गरगरत येऊन त्याला उचलून न्यायचं. तो तिची ढाल वाहायचा, म्हणून ढालकऱ्या. लढायचं काम तिचं. तिच्या बगलेत त्याचे पाय हवेत लोंबायचे, ते पाहून पोरं खिदळायची. आणि आता त्याचे बूट पुलावरून फरफटत चालले होते.

आक्काने दुसरा कागद काढला, तिसरा काढला. सगळीकडे तेच. वावटळ मुळात ढालकऱ्यापेक्षा चांगली डोकंभर उंच होती. आता दोघं शेजारी उभे केले तर भाऊबहीण वाटले असते, आणि बहीण धाकटी.

या स्टुडिओत चित्रकार पुढच्या खोलीत बसून कागदावर पेन्सिलीने चित्रं काढत. ती आतल्या खोलीत आली की तिथल्या बायका खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलांवर ती ठेवत, वर पारदर्शक ताव पसरत आणि शाईने गिरवत. मग ताव उलटा करून मागून रंग भरायचा. आक्का या आतल्या खोलीची मुख्य. ती स्वतः एवढीशी, स्टुलावर उशी घेतल्याशिवाय टेबलाशी हात पुरत नसे. घरीदारी उभा जन्म तिने लोकांच्या खांद्यांशी बोलण्यात घालवला होता. म्हणूनच की काय, सगळ्या पुरुषांच्या टाळूवरून पलीकडचं बघणारी ही बाई पहिल्यांदा कागदावर आली तेव्हापासून आक्काला ती आपली वाटत आली होती. माहेरच्या माणसासारखी.

त्याच दुपारी मालक खोलीत आले आणि खुर्चीवर न बसता बोलले, तेव्हाच आक्काच्या मनात पाल चुकचुकली. शुक्रवारी चॅनेलचे साहेब येणार होते. त्यांचं म्हणणं, नव्या हंगामात ढालकऱ्याला नायक करावं. तुमच्याच चित्रांत दोघं बरोबरीला आले आहेत, मग पुढे तो का नको? बाई हवी तर राहू दे की मागे, ढाल धरून.

मालक गेले. खोलीत टाक कुरकुरत राहिले.

यात पाणी मुरतंय हे आक्काने तेव्हाच ओळखलं. उंची काही पावसात भिजलेल्या कपड्यासारखी आपोआप आटत नाही. कुणीतरी आटवली. आणि कोणी, हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. पुढच्या खोलीत नवा चित्रकार आला होता, जाहिरातींच्या धंद्यातून आलेला, बोटं लांबसडक आणि बोलणं त्याहून लांब. आल्या आल्या चहाच्या वेळी तो म्हणाला होता की ही बाई जरा दबल्यासारखी वाटते. तेव्हा आक्काने ते कानाआड केलं होतं. आता तिला त्याचा अर्थ लागला. वाटत नव्हती दबल्यासारखी, त्याला दाबायची होती.

आणि घरचा भेदी कोण, तेही दिसत होतं. आक्काची धाकटी जाऊ याच खोलीत गिरवायला बसायची. आक्कानेच तिला इथे चिकटवलं होतं, घरात दोघींची भांडी फार वाजतात म्हणून. इथे निदान बोलायची बंदी होती. ही धाकटी हल्ली त्या चित्रकाराशी जिन्याखाली उभी राहून कुजबुजायची. आक्का दिसली की दोघं हवापाण्याचं बोलायला लागायचे. शिवाय धाकटीची पिशवी येताना चपटी असायची आणि जाताना फुगलेली.

आक्काने दोन कामं केली. एक, वावटळीच्या नमुन्याला दोरा लावून उंची मोजली आणि तो दोरा आपल्या बांगडीला गुंडाळला. नमुना म्हणजे वावटळीचं उभं चित्र, डोक्यापासून टाचेपर्यंत. सगळे चित्रकार तिचं माप त्याच्यावरूनच घ्यायचे. सकाळी खोली उघडली की आक्का दोरा लावून बघायची, संध्याकाळी कुलूप घालताना पुन्हा. दोरा बरोबर यायचा. ती म्हणायची, चोर हुशार आहे.

दुसरं काम म्हणजे ती मालकाकडे गेली. नवा माणूस आल्यापासून बाई खुजी झाली, एवढंच सांगितलं, जावेचं नाव घेतलं नाही. घरची धुणी बाहेर धुवायची नसतात. मालकाला बुडत्याला काडी मिळावी तसं झालं. ते म्हणाले, शुक्रवारी साहेबांसमोरच त्याला काढून टाकतो, चूक त्याची होती म्हणतो, म्हणजे आपली बाजू सावरली. आक्काला हे जरा जास्तच झालं असं वाटलं. पण तिने मान हलवली.

गुरुवारी डब्याच्या सुट्टीत धाकटी हात धुवायला गेली आणि आक्काने तिची पिशवी उघडली. आत जुने कागद होते, घड्या पडलेले, शाईचे डाग पडलेले, एकाला तर ब्रश पुसलेला. प्रत्येकावर वावटळ. सगळे टाकून दिलेले नमुने.

"मिळालं का काही?" मागून आवाज आला. धाकटी पदराला हात पुसत दारात उभी होती.

आक्का दचकली, पण दाखवलं नाही. "तुलाच विचारते. हे कुणासाठी जमवतेस? त्या लांब बोटांच्या माणसासाठी?"

"त्यानेच विचारलं मला. ही बाई पहिल्यापासून एवढीच होती का, म्हणून. मी म्हटलं, नव्हती. मग म्हटलं, बघावं तरी." धाकटी पुढे आली आणि तिने पिशवी ओढून घेतली. "आणि पाळत काय तुम्हालाच ठेवता येते? मी महिनाभर तुमच्यावर नजर ठेवून आहे, जाऊबाई."

"माझ्यावर?"

"मग कुणावर ठेवू? नमुना दर वेळी नवा कोण गिरवतं? मला तर हात लावू देत नाही तुम्ही. तो माणूस आला कधी, आणि ही आटायला लागली कधी? त्याच्या आधीचे कागद आहेत हे. जरा डोकं लावा."

आक्का तिला दोन शब्द ऐकवणार होती. जिभेवर आले होते. पण धाकटीने कागद काचेच्या टेबलावर एकावर एक रचले, टाचा टाचांवर जुळवल्या आणि खालचा दिवा लावला.

कांद्याचे पापुद्रे असतात तशा रेषा दिसल्या. सगळ्यात बाहेर सगळ्यात जुनी वावटळ, ऐसपैस खांद्यांची. तिच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. प्रत्येक रेष मागच्या रेषेला आतून चिकटून चाललेली, कुठे तुटलेली नाही, कुठे थरथरलेली नाही. एवढा साफ हात त्या स्टुडिओत एकाच माणसाचा होता.

आक्का स्टुलावर बसली. उशी खाली पडली होती, तिला कळलं नाही.

वावटळीचा नमुना कागदावर होता. प्रत्येक दृश्यात बाईच, म्हणून तिचा कागद सारखा हाताळला जायचा, चुरगळायचा, आणि हंगाम संपला की त्याच्यावरून नवा गिरवावा लागायचा. ढालकऱ्याचा नमुना जाड पुठ्ठ्यावर होता आणि वर्षातले निम्मे दिवस तो भिंतीवर आरामात लटकलेला असायचा. त्याला कधी गिरवावंच लागलं नाही. जी राबते तीच झिजते, घरातही आणि कार्टूनमध्येही.

आणि गिरवताना आक्काचा नियम एकच. खोलीत नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी ती तिच्या मनगटावर टिचकी मारून सांगायची, रेषेच्या आतून चल, बाहेर गेलीस की चित्र ओघळतं. तावावर गिरवताना हा नियम सोन्यासारखा होता. तिथे एकदा गिरवलं की संपलं. पण नमुन्यावरून नमुना, त्याच्यावरून पुन्हा नमुना, असं करताना दर वेळी रेषेच्या जाडीएवढी बाई आत सरकत गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आक्का बांगडीला दोरा बांधून चोर धरायला निघाली होती.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय," धाकटी जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तिची उंची तुमच्या डोळ्यांत खुपते म्हणून."

"आणि मला वाटलं, तू मला खाली पाडायला करतेस."

"तेही केलं असतं. पण बाईला मध्ये आणलं नसतं."

आता गोष्ट उघड होती. गप्प राहिलं तर उद्या चित्रकार जाईल, आक्काची खोली आणि आक्काचा मान शाबूत राहील, आणि वावटळ ढाल धरून मागे उभी राहील. कारण चित्रकाराला काढून बाई काही उंच होणार नव्हती. बोललं तर सगळ्या मुलींना कळणार होतं की जिच्या हाताची शपथ घेतात, तिच्याच हाताने हे झालं. धाकटी फक्त बघत होती, आणि जावेचं ते बघणं आक्काला मारापेक्षा जड गेलं.

शुक्रवारी साहेब आले. मालकांनी चित्रकाराला बोलावलं आणि घसा साफ केला. तेवढ्यात आक्का कागदांची गुंडाळी घेऊन आत शिरली, मागे धाकटी. आक्काने काही लांबण लावली नाही. म्हणाली, "या माणसाने काही केलं नाही. बाईला मी बुटकी केली. कशी, ते दाखवते."

कागद खिडकीच्या काचेवर लावले, बाहेरच्या उजेडात रेषा आत आत उतरत गेल्या. मालक दोनदा चष्मा पुसून पाहत राहिले. चित्रकाराने लांब बोट एका रेषेवरून फिरवलं.

साहेब मात्र मुरलेला माणूस. तो आक्काकडे बघून म्हणाला, "चूक असेल. पण आम्हाला ढालकऱ्या पुढे हवाय, हे कळल्यावरच ही चूक कशी सापडली? हे कागद काल रात्री बसून केलेले नसतील कशावरून?"

संशयाचं हे तोंड आक्काने गेले काही दिवस रोज आरशात पाहिलं होतं, त्यामुळे तिला राग आला नाही. तिने फक्त सगळ्यात जुना कागद त्याच्या हातात दिला आणि वास घ्यायला सांगितला. साहेबाने नाकाजवळ नेला आणि शिंकला. कुबट, जुन्या शाईचा आणि उंदरांचा वास होता. धाकटीने तो अडगळीच्या कपाटामागून काढला होता.

"हा वास मला नाही गिरवता येत," आक्का म्हणाली.

साहेब हसला नाही. पण कागद त्याने परत दिला नाही, हातातच ठेवला. शेवटी ठरलं ते असं, की एक हंगाम बाई जुन्या उंचीने पुढे राहील. पुढचं पुढे. मालक जाताना आक्काला म्हणाले की यापुढे नमुन्याचं काम तिच्या एकटीकडे राहणार नाही. चित्रकाराने जाता जाता विचारलं, ठपका त्याच्यावर येणार होता तो कुणाच्या सांगण्यावरून. आक्काने सांगितलं, माझ्या. तो म्हणाला, निदान तोंडावर सांगितलंत. यावर आक्काने त्याला सोमवारपासून चित्रावर पेन्सिल जरा दाबून चालवत जा म्हणून सुनावलं.

सोमवारी जुना कागद टेबलावर ठेवला, जाड पुठ्ठ्यातून उजेड वर येईना म्हणून वर चांगला टणक कागद पसरला, खाली दिवा लावला. आता वावटळ गिरवायची होती, ना आतून, ना बाहेरून, जशी आहे तशी. आक्काने टाक उचलला. हात सवयीने आत सरकायला बघत होता, नाठाळ बैल घराकडे वळतो तसा. मनगट तिने दुसऱ्या हाताने धरलं.

मागे पाठीशी धाकटी येऊन उभी राहिली. गिरवताना मागे कुणी उभं राहिलेलं आक्काला आजवर खपलं नव्हतं. खोलीतल्या मुलींचे टाक थांबले.

"राहा उभी," आक्का मान न वळवता म्हणाली. "आत गेले की सांग. पण मानेवर फुंकू नकोस."

"आत चाललात," धाकटी म्हणाली.

टाक थांबला. आक्काने खाली वाकून पाहिलं. रेष आत गेलीच होती, केसाएवढी. तिने तो कागद बाजूला सरकवला आणि नवा मागितला.