पाच दिवस आणि अर्धा तास

"सोमवारी सकाळी सातला दाखल व्हायचं. उपाशीपोटी," वहिनींनी जेवता जेवता जाहीर केलं, आणि घरात कुणीही दचकलं नाही.

वहिनी म्हणजे पोस्टाच्या काउंटरवर रोज आठ तास बसणाऱ्या बाई. पोटावरची चरबी नळीने ओढून काढायचं त्यांनी ठरवलं होतं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले होते, "बाई, हा वजन उतरवायचा उपाय नव्हे. आकार बदलेल, पण खाणं आणि चालणं तुम्हालाच सांभाळावं लागेल." वहिनींनी मान डोलावली आणि तारीख घेतली.

तुम्ही म्हणाल, आळशी बाई! जरा थांबा, इतक्यात निकाल देऊ नका.

सहा वर्षांत वहिनींनी चालायला सतरा वेळा सुरुवात केली होती. पहिला कोपरा ओलांडला की यजमानांचा फोन. "अगं, दूध वर आलंय, काय करू?" बोलणारा शेगडीशेजारी उभा, हातपाय शाबूत, पण बटण फिरवायला बायको रस्त्यावरून परत यायला हवी! पथ्यही झालं. स्वतःपुरतं उकडायचं, इतरांसाठी तळायचं, आणि सगळ्यांच्या ताटातलं उरलेलं, वाया नको म्हणून, ओट्याशी उभ्यानेच तोंडात टाकायचं. पोस्टमास्तरांना विचारलं, सकाळी अर्धा तास उशिरा येऊ का, संध्याकाळी तेवढं जास्त बसेन. मास्तर हसले. "वहिनी, या वयात कुठल्या स्पर्धेत उतरताय?" त्याच मास्तरांनी ऑपरेशनचा कागद पाहताच पाच दिवसांची रजा उभ्या उभ्या मंजूर केली. वर "काळजी घ्या" हे फुकट!

यजमान तर हिरिरीने कामाला लागले. "तू अजिबात उठायचं नाहीस. डबे मी भरीन."

"कपडे मी बघते," मुलगी म्हणाली. बारा वर्षांची पोर, वॉशिंग मशीन कुठल्या बाजूने उघडतं ते तिला त्या दिवशी कळलं.

मदतीला बोलावलेल्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे ताई, हे सगळं ऐकत होत्या. सगळा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढलेला. माणूस पाहिला की दुखणं कुठं आहे ते त्यांना कळे.

"काय रे, हे सगळं ठरवायला किती वेळ लागला?" त्यांनी भावाला विचारलं.

"लागलाय कुठे? जेवण संपायच्या आत ठरलंसुद्धा!"

"शाबास! पाच दिवसांची सोय एका जेवणात लागली. मग हिच्या रोजच्या अर्ध्या तासाची सोय सहा वर्षांत का लागली नाही?"

यजमानांचा घास हातातच राहिला. "ताई, ऑपरेशनची गोष्ट वेगळी. तेव्हा ती आजारी असणार."

"म्हणजे धडधाकट बाईला अर्धा तास नाही, आणि चिरलेल्या बाईला पाच दिवस! सवड हवी असेल तर आधी अंग कापून घ्यायचं? वा रे तुमचा हिशेब!"

"मी तर तिला रोज सांगतो, चालत जा, कमी खा."

"सांगतोस ना! जिभेला काय कष्ट पडतात? दूध वर आलं की हात कुठे जातात तुझे?" ताई वहिनींकडे वळल्या. "आणि तू गं? खरं सांग, काय हवंय तुला?"

"पोट सपाट हवंच आहे ताई, खोटं कशाला बोलू?" वहिनी म्हणाल्या. मग खरकट्या ताटाकडे बघत हळूच म्हणाल्या, "पण डॉक्टर म्हणाले, घरी पाच दिवस आराम करायचा, कुणी हाक मारायची नाही. ते ऐकलं आणि पोटाचं विचारायचंच राहून गेलं. तारीख घेऊन आले."

यजमानांची मान खाली गेली. मुलीने आईचं ताट उचललं. कुणी न सांगता!

"रद्द करू या," यजमान पुटपुटले.

"तेही तूच ठरवणार?" ताई कडाडल्या.

"पुढे ढकलते," वहिनी म्हणाल्या. "तीन महिने. तोवर या घराची परीक्षा. मग माझ्या पोटाचं मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चालायला गेल्या. फोनची रिंग वाजली नाही. घरी भाजी करपली, मुलीची बस चुकली, यजमान इस्त्रीविना कामावर गेले. कुणी मेलं नाही! दुपारी वहिनींनी मास्तरांकडे अर्ध्या तासाचा अर्ज पुन्हा केला, या वेळी लेखी. मास्तरांना हसू आलं नाही.

वाचकहो, चरबी काढून घेणाऱ्याला आळशी म्हणणं फार सोपं आहे. व्यायाम इच्छेने होतो हे खरं, पण इच्छेला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी गिळलेला असतो. तेव्हा दुसऱ्याचं पोट मोजण्याआधी स्वतःचं तपासा. त्याचा वेळ तिथे सापडला, तर उपदेश नको, तो निमूटपणे परत करा!