येईल तो नवरा म्हणूनच

नवऱ्याचा व्हिसा नाकारल्याचं धाकटीला कळलं, तेव्हा तिच्या हातात एक पाय होता. घोट्याचा सांधा अडकत होता आणि ती तो मोकळा करत बसली होती. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या कार्यशाळेत ती कारागीर होती. फोनवर आलेलं उत्तर तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. 'विवाह खरा असल्याची खात्री पटत नाही.' तिनं पाय बाकावर ठेवला, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यांची खात्री पटेना, म्हणून माझं लग्न झालंच नाही होय?"

लग्न झालं होतं परदेशात. हे काम शिकायला ती तिकडे गेली होती, आणि प्लॅस्टरचा साचा कसा घ्यायचा हे तिला शिकवणारा माणूस तिला आवडला. सरकारी कचेरीत सह्या केल्या, साक्षीदार म्हणून कार्यशाळेतलीच दोघं उभी राहिली. इथे घरी आई गेल्यापासून बाबा एकटेच होते. शिक्षण संपल्यावर धाकटी परतली ती त्यांच्यासाठी. तेव्हा तोच म्हणाला होता, "माझ्यामागे इथे कुणी नाही. मीच येतो तुझ्याकडे."

आता सल्ले द्यायला माणसं तुटून पडली. कार्यशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "अगं, मी त्याला कामावर घेते. असा कारागीर कुठे मिळतो? कामाचा व्हिसा महिन्याभरात हातात पडेल."

"आणि उद्या काम सुटलं तर?"

"तर... परत जावं लागेल त्याला."

"म्हणजे कार्यशाळेला कुलूप लागलं की माझा संसारही बंद. नको बाई. येईल तो नवरा म्हणूनच येईल."

रविवारी थोरली बहीण आणि भावोजी आले. भावोजींकडे प्रत्येक अडचणीवर तोडगा तयार असायचा, फक्त तो सहसा दुसऱ्याला निस्तरावा लागायचा. "फिरायला म्हणून येऊ दे त्याला," ते म्हणाले, "एकदा आत आला की कोण बाहेर काढतंय?"

"काढतात भावोजी. आणि पुन्हा पाऊल ठेवू देत नाहीत. फिरायला येतोय असं लिहून द्यायचं आणि राहायचं, हा खोटेपणा कशाला?"

"मग इथे एक छोटा समारंभ करून टाकू," थोरली म्हणाली. "तुमच्या लग्नाच्या फोटोत घरचं कुणीच नाही, हीच तर त्यांची शंका आहे ना? चार नातेवाईक उभे करू, छान फोटो काढू."

"झालेलं लग्न पुन्हा लावायला मी काही नाटक कंपनी काढलेली नाही."

"तुझ्या भल्यासाठीच सांगतेय गं."

"माहीत आहे. पण मी चोरी केल्यासारखं लपतछपत का आणू त्याला?"

आतल्या खोलीत बाबांनी वर्तमानपत्र जोरात झटकलं. लेकीनं न विचारता लग्न केलं, तेही परक्या देशाच्या माणसाशी, म्हणून वर्षभर ते तिच्याशी बोलत नव्हते. एकाच घरात राहायचं म्हटल्यावर कारभार चालायचा तो भिंतींमार्फत. "चहा झाला असेल तर सांगावं कुणीतरी," असं ते खिडकीला म्हणायचे, आणि "ओट्यावर ठेवलाय," असं धाकटी फ्रीजला सांगायची.

फेरविचारासाठी अर्ज करता येत होता. तो तिनं केला. सुनावणीचा दिवस ठरला आणि कळवलं गेलं, की हे लग्न माहीत असलेलं घरातलं एक माणूस सोबत आणा. थोरली तयारच होती. पण तिनं मेहुण्याला कधी धड पाहिलंही नव्हतं. तिथे जाऊन ती गोडगोड रचून सांगणार, हे धाकटीला स्पष्ट दिसत होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. या वेळी भिंत मध्ये नव्हती.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर चला."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी? मला हे लग्न मान्य नाही."

"तेच सांगा तिथे. घरात जे बोलता तेच बोला. माझ्या बाजूनं एक शब्दही वाढवू नका."

"त्यानं तुझं नुकसान होईल."

"होऊ दे. पण खोटं सांगून मला काही मिळवायचं नाही."

बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. "उशीर होतोय," असं त्यांनी चपलांकडे पाहून सांगितलं.

अधिकारी बाई धाकटीच्याच वयाच्या होत्या. टेबलावर जाडजूड फाइल, भिंतीला कुरकुरणारा पंखा. त्यांनी धाकटीला विचारलं, "एवढ्या सुखसोयी सोडून कुणी इकडे येतं का? साधारणपणे बायका तिकडे जातात."

"साधारणपणे जातात म्हणून मी जायलाच हवं, असा कायदा आहे का?"

"मग कामाच्या व्हिसावर का आणत नाही? ते सोपं आहे."

"कारण तो माझा नवरा आहे. त्याच्याशी माझं जे नातं आहे, त्याच नात्यानं मी त्याला बोलावतेय. ते नातं तुमच्या कायद्यात आहे. मग मी दुसरं दार का शोधू?"

बाई बाबांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझा या लग्नाला विरोध आहे," बाबा म्हणाले.

पंखा कुरकुरत राहिला. धाकटीनं मान खाली घातली नाही.

"म्हणजे हे लग्न खोटं आहे असं तुम्हाला वाटतं?"

"खोटं?" बाबांचा आवाज चढला. "खोटं असतं तर मी सुखानं जेवलो असतो! वर्षभर जीव जाळतोय तो काय खोट्यासाठी? रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे ही दोघं फोनवर भांडत असतात. डोकं उठतं माझं."

"कशावरून भांडतात?"

"मला त्यांची भाषा येत नाही. पण भांडण नवरा-बायकोचं आहे हे कळतं. संसार केलाय मी."

अधिकारी बाईंना हसू आवरेना. त्यांनी फाइलमध्ये तोंड घातलं. बाबा मात्र थांबले नाहीत. "आणि एक सांगतो. मी नोकरीभर गाडीच्या परवान्यासाठी परीक्षा घेतल्या. समोरच्याला गाडी चालवता येते का, एवढंच बघायचो. त्याचा चेहरा मला आवडतो का, हे बघायचं माझं काम नव्हतं. हे लग्न मला आवडत नाही, तुम्हालाही चमत्कारिक वाटत असेल. पण ते झालंय."

बाहेर जिन्यात धाकटीला रडू फुटलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून दिला. "विरोध अजून आहे हं माझा," ते तिला म्हणाले. थेट तिला.

व्हिसा मिळाला. एका वर्षाचा, पुढे वाढवून घ्यायचा, आणि त्यावर नोकरीला बंदी. नवरा आला त्याच आठवड्यात धाकटीनं कामाच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज टाकला. "नाही म्हणू देत," ती म्हणाली, "पुन्हा जाऊ."

परदेशी माणसांच्या नोंदणीसाठी दोघं गेली तेव्हा खिडकीवर रांग होती. कारकुनानं त्याला विचारलं, "इथे राहणार कुणाकडे?"

प्रश्न त्याला समजला. शिकलेल्या मोजक्या शब्दांतून त्यानं उत्तर शोधलं. "बायकोकडे."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून "घरजावई!" असा शेराही आला. त्यानं गोंधळून धाकटीकडे पाहिलं, काही चुकलं का म्हणून.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं सांग. मागे ऐकू गेलं नाही."