खिंड उघडेपर्यंत

"दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मोकळं व्हायचं," विमलाबाई म्हणाल्या. "भटजींशी बोलूनच आलेय मी. माणूस हाती लागत नसेल तर तशी सोय आहे शास्त्रात."

सुगंधा ओट्याकडे तोंड करून उभी होती. कुकरची शिट्टी व्हायची बाकी होती. तिने वळून पाहिलं नाही.

"हाती लागत नाय म्हंजे?" कॉटवर बसलेला तिचा सासरा धाकू उसळला. "हरवलाय काय तो? खिंड बंद हाय. उघडली की येल."

"दादा, आता फेब्रुवारी संपत आला. कोण येतोय?"

"तुला काय कळतंय गो घाटातलं? पलीकडं गावं हायत. घरात ठिवून घेतला असंल कुणी. फोन फुटला असंल. वाट बंद, तर माणूस येणार कुठनं?"

विमलाबाई धाकूच्या सख्ख्या धाकट्या बहीण. भावाच्या काळजीपोटीच त्या विरारहून आल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि ओट्याकडे पाहून विचारलं, "सुगंधा, तू तरी बोल. तुला काय वाटतं?"

"मला बघायचंय," सुगंधा म्हणाली. "जे असेल ते डोळ्यांनी बघायचंय. पुतळा नको, आत्या."

भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीमागच्या चाळीतल्या त्या खोलीत डिसेंबरपासून हेच चाललं होतं. सुगंधाचा नवरा ईश्वर ट्रक घेऊन लेहला निघाला होता. भाईंदरच्या गाळ्यांमधली स्टीलची भांडी, ताटं, डाव, पातेली असा माल होता. सुगंधा स्वतः अशाच एका गाळ्यात पॅकिंगला होती. ईश्वरने त्या बाजूच्या फेऱ्या आधीही केल्या होत्या, पण हिवाळ्याच्या तोंडावर पहिल्यांदाच. धाकूने आयुष्यभर कशेडी आणि आंबा घाटात गाडी चालवलेली. मुलाला स्टिअरिंगवर बसवलं तेही त्यानेच.

शेवटचा फोन खिंडीच्या पायथ्याच्या सोनमर्गहून आला होता. मागे हॉर्न वाजत होते आणि ईश्वरचे दात वाजत होते.

"रांग लागलीय नुसती. वर एकेरी वाहतूक आहे, एक दिवस चढणाऱ्या गाड्या, एक दिवस उतरणाऱ्या. आप्पांना सांग, आपला कशेडी म्हणजे याच्यापुढे गल्लीबोळ."

"मग परत फिर ना."

"परत कसा फिरू? पलीकडचं सगळं याच एका वाटेनं जातं. डाळ, कांदे, गॅस, औषधं. माझ्या पुढचा सरदार गाडीभर कोंबड्या घेऊन उभा आहे. गेट बंद झालं की तिकडचे लोक हिवाळाभर आत. उद्या सोडतील बहुतेक. आरोहीला सांग, बर्फाचा व्हिडिओ पाठवतो."

व्हिडिओ आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीत हिमकडा कोसळला. शोधणाऱ्यांनी काही गाड्या बाहेर काढल्या, काही माणसं जिवंत निघाली. कोंबड्यांची गाडी सापडली. ईश्वरची नाही. मग पुन्हा बर्फ पडायला लागला तो थांबेचना, आणि शोध थांबवून खिंड बंद केली गेली. ट्रकमालकाच्या ऑफिसातला अभिनव घरी आला, चपला दाराबाहेर काढून बराच वेळ तिथेच उभा राहिला. "वहिनी, वाट उघडल्याशिवाय आता कुणीच काही करू शकत नाही," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून सुगंधाचं आयुष्य एका खिंडीच्या मर्जीवर अडकून पडलं. भाईंदरला थंडी कसली, पहाटे जरा गारवा, अकरा वाजता पुन्हा घाम. गाळ्यात पत्र्याखाली ताटं कागदात गुंडाळताना तिची पाठ भिजून जायची आणि तेवढ्यात मनात यायचं, तो तिकडे गारठलाय. तिने फ्रीजमधलं पाणी पिणं सोडलं. बाटलीला हात लागला तरी अंगावर काटा यायचा.

खोलीच्या मागच्या खिडकीतून लांब मिठागरं दिसत. पांढरे ढीग उन्हात चमकत. आरोही चौथीत होती. एक दिवस ती खिडकीत उभी राहून म्हणाली, "बाबा असल्याच्या खाली आहेत का गं?" धाकूने नातीला जवळ ओढलं. "खाली नाय, पलीकडं," तो म्हणाला. "मोबाइल आण. द्रासला आज किती थंडी हाय बघूया." आजोबा आणि नात रोज तेवढं बघत. उणे वीस, उणे बावीस. थंडी थोडी कमी झाली की धाकू दोन घास जास्त जेवायचा.

संक्रांतीला शेजारची मिनल हळदीकुंकवाचा करंडा घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. बोट कुंकवात बुडवलेलं, हात अर्ध्यावर. तिच्यामागे चाळीतल्या आणखी दोघीजणी होत्या. त्या एकदम चपला नीट करायला लागल्या.

"वहिनी... लावू ना?" मिनल कसंबसं म्हणाली.

आत धाकू होता. तो ऐकतोय हे सुगंधाला ठाऊक होतं. "लाव," ती म्हणाली. मिनलने कुंकू लावलं, पण घाईघाईने, गरम तव्याला बोट लावावं तसं. त्या गेल्यावर सुगंधा मोरीत गेली. पुसावं तर म्हातारा खचेल आणि ठेवावं तर आपण खोटं मिरवतोय. तिने तांब्याभर पाणी हातात घेतलं आणि तसंच ओतून दिलं. कुंकू संध्याकाळपर्यंत घामाने आपोआप उतरलं.

त्या दिवसापासून तिला सासऱ्याचा राग यायला लागला. येल, येल म्हणणं सोपं होतं. ते ऐकत रात्रीचा चौथा पाट मांडायचा की नाही हे मात्र तिला ठरवावं लागायचं.

मार्चअखेरीस अभिनवचा फोन आला तेव्हा ती गाळ्यातच होती. यंत्रांच्या आवाजात तिला फक्त "गाडी दिसली" एवढंच ऐकू आलं.

"आणि ते?"

"वहिनी, तुम्ही या. मालकांनी विमानाची तिकिटं काढलीत."

आरोहीला विमलाबाईंकडे सोपवून सून आणि सासरा निघाले. श्रीनगरहून जीप सोनमर्गला पोचली तेव्हा दुपार झाली होती. फाटकाशी ट्रकांची रांग लागलेली, वळणापलीकडे शेपूट दिसत नव्हतं. आदल्याच आठवड्यात वाट मोकळी झाली होती आणि हिवाळाभर अडकलेला सगळा माल आता एकदम वर चढू पाहत होता. धाकू जीपमधून उतरला, रांगेकडे पाहून त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तरतरी आली. मग चार पावलं चालला आणि बोनेटला टेकून उभा राहिला. ओठ निळसर पडले होते.

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने नळी लावून तपासलं आणि मान हलवली. "बाबा ऊपर नहीं जाएँगे. बिलकुल नहीं."

"उभा जन्म घाटात काढला मी," धाकू धापा टाकत म्हणाला. "ह्याला सांग, सुगंधा. सांग त्याला."

"आप्पा, तुम्ही इथेच बसा. मी जाते."

"एकटी?"

"जाते मी."

त्याने तिचा हात धरला. "कुठं हाय गाडी ते बघ. चढावर की उतारावर. एवढं नीट बघ."

रस्त्याच्या कामावरचा एक म्हातारा मुकादम तिला जीपमधून वर घेऊन गेला. देवदाराचं रान खाली राहिलं, वळणावर वळण आलं. एका बाजूला कापून काढलेली बर्फाची भिंत, जीपपेक्षा उंच, मळकी. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चाकं कडेला गेली की सुगंधा डोळे मिटून घ्यायची. मुकादम न विचारताच बोलत होता, बहुधा तिला धीर द्यावा म्हणून. "बहनजी, ये पास उतना ऊँचा भी नहीं है. इससे बड़े-बड़े हैं आगे. लेकिन कश्मीर के सारे बादल यहीं आके अटकते हैं. इसीलिए बरफ़ इधरही गिरती है. उस तरफ़ देखना, एक पेड़ नहीं मिलेगा."

माथा म्हणजे सुळका असेल अशी तिची समजूत होती. तसं काही आलंच नाही. चढ संपला, दोन डोंगरांमधली लांबच लांब पांढरी सपाटी लागली, वारा कानात शिरला आणि मुकादम म्हणाला, "बस, पार हो गए."

गाडी अजून पुढे होती, म्हणजे ईश्वरने खिंड ओलांडली होती.

जीप थोडी पुढे जाऊन थांबली. खाली नाल्यात ट्रक आडवा पडला होता, अर्धा अजून बर्फात. हौदा फुटून माल उतारभर पसरला होता. बर्फ वितळून ताटं वर आली होती आणि उन्हात लखलखत होती. त्यावरूनच गाडी सापडली, असं मुकादमाने सांगितलं. वाऱ्यावर कागद फडफडत होते. एक तिच्या पायाशी आला. गुजराती पेपरचं पान. त्यांच्या गाळ्यात रद्दीतून येतं तसलं.

"केबिनमध्ये आहेत?" तिने विचारलं.

मुकादमाने हात केला तो खाली नाल्याकडे नाही, अलीकडे, रस्त्याच्या कडेखालीच. तिथे एका खडकाच्या आडोशाला दोन माणसं उभी होती. त्यांच्या पायाशी ताडपत्री होती.

सुगंधा तिथवर चालत गेली. छातीत धाप मावत नव्हती. ताडपत्री बाजूला केली तेव्हा तिला आधी दिसली ती तिची जुनी साडी, काच पुसायला म्हणून तो नेहमी घेऊन जायचा ती हिरवी. ती त्याने डोक्याला आणि कानांना घट्ट गुंडाळून घेतली होती. गाठ हनुवटीखाली होती, नीट बांधलेली. अंगाभोवती गाडीतली दोन्ही ब्लँकेटं होती. चेहरा काळवंडलेला, पण त्याचाच. गुडघे पोटाशी घेऊन तो खडकाला पाठ लावून बसला होता.

ती त्याच्यासमोर बसली. बर्फाने साडी भिजली तरी तिला कळलं नाही.

"हेच," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "गाडी पडली तेव्हा हे जिवंत होते?"

"दरवाज़ा खुला था गाड़ी का," मुकादम म्हणाला. "कंबल लेके निकले. चढ़के आए यहाँ तक."

तिने वर पाहिलं. खडकाच्या वर हात-दोन हात उंचीवर जीपचं चाक दिसत होतं.

"रस्ता इथेच होता?"

"यही है रास्ता. तब दिखता नहीं होगा. सब बराबर था, सफ़ेद."

"किती वेळ... कितना टाइम..."

"वो मत पूछो, बहनजी," तो म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

सुगंधाने हात पुढे करून हनुवटीखालची गाठ चाचपली. सोडवायला गेली, पण ती दगडासारखी घट्ट झाली होती. म्हातारा रोज कॉटवर बसून सांगत होता, तो जिवंत आहे, आडोशाला बसलाय, वाट बंद म्हणून येत नाही. एका रात्रीपुरतं, कदाचित दोन रात्रींपुरतं ते खरं होतं. तेव्हा भाईंदरला ती काय करत होती ते तिला आठवेना. भात लावला असेल. आरोहीची वेणी घातली असेल. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

ईश्वरला घेऊन रुग्णवाहिका खाली उतरेपर्यंत वर जाणाऱ्या गाड्या फाटकाशी अडवून धरल्या होत्या. वाट एकेरीच, एक उतरल्याशिवाय दुसरी चढणार कशी? सुगंधा मागे, स्ट्रेचरच्या बाजूला बसली होती. फाटक जवळ आलं तसा हॉर्नचा गलका ऐकू आला. दिवसच्या दिवस खोळंबलेले ड्रायव्हर वैतागले होते. मग कुणीतरी काहीतरी ओरडून सांगितलं असावं. पुढच्या ट्रकचं इंजिन बंद झालं. त्याच्या मागचं झालं. मग एकामागून एक बंद होत तो आवाज रांगेच्या शेपटापर्यंत विझत गेला आणि खालच्या नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरून उभे राहिले.

फाटकाशी धाकू उभा होता. कुणाचंतरी जाड जाकीट त्याच्या खांद्यावर होतं. तो मागच्या दाराशी आला, त्याने आतल्या कापडाकडे पाहिलं. त्याचा हात नुसता पत्र्यावरून फिरत होता.

"चढावर की उतारावर?" शेवटी त्याने विचारलं.

"उतारावर, आप्पा. माथा पार केला होता."

धाकूने मान हलवली. "आणि तो? केबिनमध्येच होता ना?"

सुगंधाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. संक्रांतीपासून ज्या डोळ्यांचा तिला राग येत होता ते आता तिच्यावर खिळले होते. या उत्तरावर म्हाताऱ्याच्या उरलेल्या सगळ्या रात्री अवलंबून होत्या, आणि ते तिला कळत होतं.

"केबिनमध्येच," ती म्हणाली. "स्टिअरिंगवर. त्यांना काही कळलंच नसेल, आप्पा. एका क्षणात झालं असं म्हणाले."

"स्टिअरिंगवर," धाकू म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. "मग ठीक हाय. मग ठीक हाय, पोरी."

ती बाजूला सरकली आणि त्याला बसायला जागा केली. पण तो लगेच चढला नाही. मागे फाटक उघडलं होतं. इंजिनं सुरू झाली, पहिला ट्रक हलला, मग दुसरा. कांदे, सिलिंडर, सिमेंट, तेलाचे डबे घेऊन गाड्या खिंडीकडे निघाल्या. धाकू रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि वर जाणाऱ्या एकेका ट्रकला हात करू लागला. काही ड्रायव्हरांनी उलट हात केला. सुगंधा दार धरून तशीच बसून राहिली, आणि त्याला हाक मारली नाही.