फोझच्या ट्राममधला तिसरा बाक

मी बाक बोलतोय. पोर्तो शहरातून नदीकाठाने फोझला, थेट समुद्रापर्यंत जाणाऱ्या ट्राममधला, उजवीकडचा तिसरा. बसायला वेताची वीण आणि पाठीच्या कोपऱ्यात पितळी मूठ. मूठ ओढली की माझी पाठ या बाजूची त्या बाजूला जाते. ट्राम काही शेवटच्या थांब्यावर वळत नाही, आल्या रुळांवरून तशीच उलटी निघते. म्हणून कंडक्टर बेलार्मिनो तिथे खाडखाड सगळ्या बाकांच्या पाठी फिरवायचा. माणसांना तोंड पुढेच हवं असतं. पुढे असं काय वाढून ठेवलेलं असतं, कोण जाणे!

उन्हाळ्यात दर रविवारी दोघी बहिणी माझ्यावर बसायच्या. थोरली इदालिना, धाकटी ग्रासिंदा. दोघी शिवणकाम करायच्या. मांडीवर डबा, डब्यात मक्याची भाकरी आणि खारवलेल्या माशाचे वडे. ग्रासिंदाला उलटं बसलं की मळमळायचं. त्यामुळे परतताना बेलार्मिनोची वाट न बघता तीच माझी मूठ ओढायची. तिच्या तर्जनीवर सुई टोचून टोचून खडबडीत झालेला ठिपका होता. तो मी बरोबर ओळखायचो.

"अगं, त्याचं काम त्याला करू दे की," इदालिना म्हणायची.

"त्याचं होईस्तोवर माझ्या पोटातलं वर येईल, ताई!"

एका रविवारी भर दुपारी समुद्रावर धुकं उतरलं. ग्रासिंदा नुसते पाय भिजवायला म्हणून पाण्यात गेली. इदालिना डबा उघडून वाट बघत बसली. धुकं विरलं तेव्हा वाळूवर फक्त चपला होत्या.

इदालिना एकटीच ट्राममध्ये चढली. बेलार्मिनोने माझ्या मुठीला हात घातला, तशी ती किंचाळली, "हात लावू नकोस! ती उठून गेली तसंच राहू दे." तिने पर्समधला जाड दोरा काढला आणि मूठ चौकटीला घट्ट बांधून टाकली.

"राहू दे, बाई," बेलार्मिनो म्हणाला. भला माणूस.

त्यानंतर नऊ वर्षं माझं तोंड समुद्राकडे. इदालिना दर रविवारी यायची, माझ्यावर बसायची, उलटीच घरी जायची. इतर दिवशी लोक कुरकुरायचे, "काय रे बेलार्मिनो, तुझा हा बाक रुसलाय का?"

आणि धुकं असलं की शेवटच्या थांब्यावर कोणीतरी माझी मूठ ओढायचं. गार, ओला हात. तर्जनीवर खडबडीत ठिपका. दोरा ताणला जायचा, मी थरथरायचो, वेत भिजायचा. बेलार्मिनो फडक्याने पुसायचा आणि छत कुठे गळतंय ते बघायचा. माझा जीव तुटायचा. पण बाकाचं ऐकणार कोण!

दहाव्या उन्हाळ्यात, अशाच धुक्यात, इदालिनाचा हात मुठीवर होता. तो दुसरा हात येऊन तिच्या हातावर पडला. तिने त्या तर्जनीवरचा खडबडीत ठिपका चाचपला. मग पुटपुटली, "अगं बाई! तुला उलटं बसवत नाही. आणि मीच तुला इतकी वर्षं इथे अडकवून ठेवलं."

तिने कात्रीने दोरा कापला. माझी पाठ खाडकन फिरली. कोणी ओढली नव्हती, निदान दिसेल असं कोणी नाही. इदालिना खिडकीशी सरकून बसली, शेजारी जागा सोडून.

घराजवळच्या थांब्यावर बेलार्मिनोने तिला उतरायला हात दिला. मग जुन्या सवयीने तोच हात पुन्हा पुढे केला. नंतर तो ओला झालेला हात विजारीला पुसत कितीतरी वेळ उभा होता.

इदालिना पुन्हा कधी फोझला आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं.

आता आमची ट्राम नदीकाठच्या संग्रहालयात आहे. कोणाची बोटं चेंगरू नयेत म्हणून माझ्या पाठीला स्क्रू मारलाय, आणि तोंड पुन्हा समुद्राकडे. बाहेर धुकं आलं की अजूनही मूठ ओढली जाते. ग्रासिंदा नव्हे, ती केव्हाच घरी पोचली. हे हात फार लहान आहेत, समुद्रात राहिलेल्या कुणा लेकराचे. दोन्ही हातांनी ओढतात, दमतात, पुन्हा ओढतात.

तुम्ही कधी आलात, तर पहारेकऱ्याची नजर चुकवून तो एक स्क्रू ढिला करा. पुढचं मी बघतो. आणि मग दाराशी थांबून हात तेवढा पुढे करा. ट्रामची पायरी उंच आहे.