बेल्डिंगांची जागा

पणजोबांपासून वॉशिंग्टनमधली ती जागा बेल्डिंगांचीच होती. मधूनमधून निवडणुका होत, पण त्या अक्षता टाकण्यापुरत्या. नवरदेव आधीच ठरलेला असे.

ओहायोतलं मतदारसंघाचं कार्यालय मात्र वीस वर्षं डेल्फीनच्या खांद्यावर होतं. खासदार हार्लन बेल्डिंगांची ही थोरली मुलगी. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाच्या विहिरीत कारखान्याची घाण उतरली, की लोक तिच्याकडे येत आणि काम झालं की हार्लनसाहेबांचे आभार मानून घरी जात.

हार्लनसाहेबांनी निवृत्ती जाहीर केली तेव्हा तिला वाटलं, आता आपली पाळी. साहेबांनी फ्लोरिडाला फोन लावला आणि धाकट्या रॉइसला बोलावून घेतलं. रॉइस तिकडे होड्या विकायचा. म्हणजे बहुतेक वेळ स्वतःच फिरवायचा.

"आणि मी?" डेल्फीनने विचारलं.

"तू आहेस म्हणून तर त्याला उभा करतोय," बाबा म्हणाले. "त्याला काय येतंय?"

डेल्फीनचं डोकं फिरलं. पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी पक्षांतर्गत मतदान होतं, त्यात तिने भावाविरुद्ध अर्ज भरला, तोही नवऱ्याच्या आडनावाने: डेल्फीन कोझॅक. नवरा स्टॅन प्लंबर होता. त्याने नळांच्या व्हॅनमधून तिच्या पाट्या नेऊन गावोगाव रोवल्या. आईने मुलीशी बोलणं टाकलं.

अग्निशमन दलाच्या नव्या हॉलमध्ये पॅनकेकच्या नाश्त्याला बहीण-भाऊ समोरासमोर आले. डेल्फीन नदीच्या पुरावर बोलली, बंद पडलेल्या दवाखान्यावर बोलली. लोक सिरप ओतत ऐकत होते. मग रॉइस उठला. काउंटीचं नाव चुकला, गोड हसला आणि म्हणाला, आजोबांनी मला पहिला पॅनकेक याच हॉलमध्ये भरवला. बायाबापड्यांनी डोळे पुसले. आजोबा गेले तेव्हा त्या हॉलच्या जागी मक्याचं शेत होतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

बाहेर पडताना ऑटिली रेम नावाच्या म्हातारीने डेल्फीनचा हात धरला. तिच्या नवऱ्याचं पेन्शन डेल्फीननेच भांडून मिळवून दिलं होतं.

"पोरी, तुझे उपकार फिटायचे नाहीत," म्हातारी म्हणाली. "म्हणूनच मत रॉइसला देतेय. तू वॉशिंग्टनला गेलीस तर इथे आमची कामं कोण करणार?"

डेल्फीन सपाटून पडली. त्यानंतर ती कार्यालयाकडे फिरकली नाही. कामं तुंबली, फोन वाजत राहिले, आणि लोक म्हणू लागले, रॉइस बिचारा चांगला आहे हो, पण बहीण फुगून बसली.

एकाच मुदतीत रॉइस कंटाळला. वॉशिंग्टनला समुद्र नाही, असं म्हणून तो होड्यांकडे परतला. मग हार्लनसाहेब स्वतः लेकीच्या स्वयंपाकघरात आले, ॲपल पाय खाल्ला, बोटं पुसली.

"उभी राहा," ते म्हणाले. "फक्त पाटीवर आडनाव आपलं लाव."

डेल्फीनने स्टॅनकडे पाहिलं. तो बेसिनशी हात धूत होता. बराच वेळ धूत राहिला. मग म्हणाला, "पाट्या मीच रोवीन."

या वेळीही तिने पुराचं सगळं टिपण तयार ठेवलं होतं. कुणी काही विचारलंच नाही. मतं धो धो पडली. निकालाच्या संध्याकाळी आईने गालाचा मुका घेतला, आणि टीव्हीवाल्या मुलीने स्टॅनपुढे माइक धरून विचारलं, "मिस्टर बेल्डिंग, आज कसं वाटतंय?"

स्टॅन बायकोकडे बघत थांबला. डेल्फीन कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

"छान वाटतंय," तो म्हणाला.