शेवंतीचं तोरण

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात, शनिवारच्या चिनी शाळेत मुलं नव्या वर्षाची गाणी घोकत होती. श्रीधररावांची नात अन्वी तिथे शिकते, म्हणून सूनबाई लिननं त्यांना हॉल सजवायला बोलावलं होतं. श्रीधररावांनी सकाळभर खपून पांढऱ्या शेवंतीचं तोरण ओवलं आणि दारावर लावलं. सणाला तोरण हवंच. शिवाय लिनची आई पहिल्यांदाच चीनहून आली होती. तिच्यासमोर आपलं हसं होऊ नये, एवढीच त्यांची धडपड.

विहीणबाई दारात आल्या आणि जागीच थिजल्या. चेहरा पांढराफटक, काठी हातातून निसटलेली. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि मुलांचं गाणं बंद पडलं.

"आजोबा, पोपो विचारते, कोण मेला?" अन्वीनं चिनी आजीचं बोलणं आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं.

"बाबा, हे काय केलंत!" लिन जवळजवळ किंचाळली. "पांढरी शेवंती आमच्यात फक्त फ्युनरलला असते!"

श्रीधररावांना एकदम आठवलं, विहीणबाईंचे यजमान तर दिवाळीतच वारले होते. त्यांनी घाईघाईनं तोरण ओढून काढलं आणि ते कचऱ्याच्या डब्याकडे वळले, तोच विहीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्या हळू आवाजात काही बोलल्या.

"पोपो म्हणते, फेकायचा नाही," अन्वी म्हणाली. "घरी मम्मीच्या बाबांचा फोटो आहे ना, तिथे ठेवायचा."

श्रीधररावांनी एका हातानं तोरण छातीशी धरलं. दुसऱ्या हातानं विहीणबाईंची पडलेली काठी उचलली आणि त्यांच्या हाती दिली.