धुणं राहिलंय

चौकशीच्या खोलीत तिला मऊ खुर्ची दिली, तेव्हाच तिनं ओळखलं, केसानं गळा कापायचा बेत आहे.

जहाज कंपनीच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. तिचा थोरला जहाजावर मोठा इंजिनियर होता. धुराड्यातल्या बॉयलरला आग लागली, नळी फुटली आणि वाफेनं भाजून तो गेला, त्याला दीड महिना झाला होता. कागदात लिहिलं होतं की बॉयलरची धुलाई त्यानंच टाळली, हलगर्जी त्याचीच. खाली तिची सही हवी होती.

"माझा पोरगा आणि हलगर्जी? झोपायच्या आधी घरातला नळ अन् नळ पिळून बघायचा तो! आणि ही धुलाई कसली?"

शेजारी थोरल्याच्या हाताखालचा इंजिनियर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "काकू, इंजिनाचा धूर भट्टीसारखा तापलेला असतो. तो फुकट कशाला घालवायचा, म्हणून धुराड्यात पाण्याच्या नळ्या बसवतात. त्या धगीवरच वाफ होते, वेगळं तेल जाळावं लागत नाही. पण नळ्यांवर काजळी धरते. जहाज हळू चाललं की जास्तच. मग इंजिन थांबवून नळ्या पाण्यानं खंगाळायच्या, नाहीतर काजळीच पेट घेते."

"मग थांबवलं का नाही?"

साहेब खाकरले. "त्यांनी परवानगी मागितल्याची नोंद नाही."

"तू बोल की रे! दातखीळ बसली का?"

"काकू, मला पुन्हा बोटीवर जायचंय," तो पुटपुटला. मग आणखी हळू म्हणाला, "आम्ही त्याला धुणं म्हणायचो."

"काय म्हणालास?"

"धुणं."

ती गप्प झाली. सुनांनी तिला अशी गप्प पाहिली असती तर डॉक्टरच बोलावला असता.

"साहेब, लिहून घ्या. आगीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, धुणं राहिलंय. तीनदा सांगितलं, पण वरून थांबूच देत नाहीत."

"बाई, हा शब्द तुम्हाला आत्ता कळला. आत्ताच रचलं नाहीत कशावरून? तेव्हा कुणाला का नाही सांगितलंत?"

तिनं पदर सारखा केला. आजवर तिनं कुणापुढे मान खाली घातली नव्हती.

"कारण मी हसले. म्हटलं, चाळिशी आली तरी चड्ड्या आईनंच धुवायच्या का? नवाब कुठला! घे साबण आणि घास. तोही हसला. म्हणाला, बरं, आई. त्याला अजून काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, ठेव आता, दूध उतू जातंय."

साहेबांनी आधीचा कागद बाजूला सारला आणि कोरा घेतला. मान खाली घालून ते लिहू लागले.

"चड्ड्या लिहिलंत? लिहा. मी बोलले तसंच्या तसं लिहा."

पेन दुधापर्यंत आलं, तशी ती पुढे झाली आणि तिनं कागदावर हात ठेवला.

"दूध नव्हतंच ठेवलेलं, फोन ठेवायला उगाच म्हटलं त्याला," ती म्हणाली. "एवढं मात्र लिहू नका."